सत्यशीलाबाईंनी गाळलेली पानं

सत्यशीला रणपिसे यांनी पुस्तक टेबलावर आपटलं, तेव्हा माईक चालू होता. त्यामुळे तो आवाज ध्वनिमुद्रणात जसाच्या तसा उतरला, आणि त्यापाठोपाठ बाईंचं वाक्यही: "अरे, मग चढ ना एकदाचा!"

काचेपलीकडून निकिताने हात वर केला. "मॅडम, काय झालं?"

"काय व्हायचंय? हा इन्स्पेक्टर चार पानं जिना चढतोय. वर प्रेत पडलंय आणि हा प्रत्येक पायरीवर थांबून स्वतःचं बालपण आठवतोय. एवढ्यात पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आला असता."

"तुम्ही फक्त वाचा ना, प्लीज. ते वाक्य मी कट करते. आपण 'जिन्यावर धूळ होती'पासून घेऊ."

"धूळ आहेच. आधीच्या पानावरही होती."

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर ही छोटीशी संस्था होती. ज्यांना दिसत नाही अशा माणसांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून, ध्वनिमुद्रित करून पाठवायची, एवढंच तिचं काम. दोन खोल्या. त्यातल्या एकीच्या भिंतींना बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून गाद्या ठोकलेल्या. निकिता नावाची सव्वीस वर्षांची मुलगी सगळा कारभार बघायची आणि सात-आठ हौशी मंडळी येऊन वाचायची. त्यांत सत्यशीलाबाईंचा आवाज सगळ्यांत चांगला. खणखणीत, ळ आणि ण जिथल्या तिथे, आणि दोन तास वाचलं तरी घसा बसायचा नाही.

बाई विक्रीकर खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या टिपणींवर शेरे लिहिले. 'नोंद संदिग्ध आहे.' 'कारण पटत नाही.' 'खुलासा व्हावा.' त्यांच्या टेबलावरून फाईल विनातक्रार पुढे गेली, तर लोक पेढे मागत. निवृत्तीनंतर फायली संपल्या, पण शेऱ्यांची सवय कुठे जाणार? ती कादंबऱ्यांवर आली.

आणि कादंबऱ्याही त्यांच्या वाट्याला अशा येत की शेरा मारल्यावाचून राहवत नसे. वर्षभरात त्यांनी अकरा वाचल्या. एक ऐतिहासिक होती. तिच्यातले सरदार वेढा पडलेला असताना दीड-दीड पानाचं एकेक वाक्य बोलत. "शत्रू काय कानात बोळे घालून बसला होता का?" असं बाईंनी निकिताला विचारलं होतं. एक हिंजवडीतली प्रेमकथा होती. दोघंही आयटीत, पण साडेतीनशे पानांत दोघांपैकी कोणीही काडीचं काम करत नाही, नुसती कॉफी पितात आणि खिडकीबाहेर बघतात. "खिडकीबाहेर बघायला हिंजवडीत काय आहे? ट्रॅफिक?" एक विज्ञान कादंबरी होती, दीडशे वर्षांनंतरची. तिच्यातले शास्त्रज्ञ एकमेकांना सगळं समजावून सांगत बसत. शिवाय त्या सगळ्या भविष्यकाळात चहा मात्र बायकाच करत होत्या. बाईंनी ते वाक्य इतक्या थंड आवाजात वाचलं की निकिताच्या अंगावर काटा आला.

घरी यजमानांनाही हे सगळं ऐकावं लागे. दशरथराव पोस्टातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. कादंबरी या प्रकाराशी त्यांचा संबंध बायकोच्या तक्रारींपुरताच होता.

"एवढा त्रास होतो, तर वाचतेस कशाला?" ते विचारत.

"चांगली निघेल म्हणून."

"निघते का?"

"अहो, निघाली असती तर तुम्हाला सांगितलं नसतं का?"

संस्थेचा नियम साधा होता: जसं छापलंय, तसं वाचायचं. घालायचं नाही, गाळायचं नाही. सत्यशीलाबाई नियमाच्या पक्क्या. पण त्या ऐतिहासिक कादंबरीच्या वेळी एक भानगड झाली. पान उलटताना दोन पानं एकदम उलटली गेली आणि हे बाईंच्या लक्षात दहा ओळींनंतर आलं. मागे जावं म्हणून त्यांनी गाळलेलं पाहिलं. एका घोड्याचं वर्णन होतं. आयाळ, खूर, तोंडाचा फेस. पुढच्या मजकुरात घोड्याचा पत्ताच नव्हता. बाईंनी क्षणभर विचार केला आणि तशाच पुढे गेल्या.

ध्वनिमुद्रण कोणी पुस्तक हातात धरून तपासत नसे. निकिता फक्त खोकला, खुर्चीची करकर आणि बाईंचे शेरे तेवढे कापायची. कोणाची तक्रार आली नाही. मग पुढच्या कादंबरीत बाईंनी खिडकीबाहेर बघण्याची चार पानं वगळली. त्याच्या पुढच्या रहस्यकथेत इन्स्पेक्टर जंगलातून गावाकडे येतो, त्या जंगलाची नऊ पानं. गुन्हा गावात झालेला, जंगलाचं काय काम? ऐकणाऱ्याचा वेळ वाचवला, असंच त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. ऑफिसात नाही का, ढिसाळ टिपणी आली की त्या स्वतःच तिचा सारांश करून वर पाठवत.

बाराव्या खेपेला निकिताने एक जाडजूड कादंबरी हातात ठेवली. तिला कुठलंसं पारितोषिक मिळालं होतं. शहरातल्या रेल्वेलाइनीच्या कडेच्या एका वस्तीवरची होती.

सत्यशीलाबाईंचं लहानपण ताडीवाला रोडच्या वस्तीत गेलेलं. वडील रेल्वेत गँगमन. त्यामुळे पहिल्या पानापासून त्यांचे कान टवकारले होते. आणि पहिल्या पानापासून त्यांचा पारा चढत गेला. गटार आलं, दारू आली, मारहाण आली, 'खोल गेलेले उदास डोळे' तर दर तिसऱ्या पानावर आले. शंभर पानं झाली तरी त्या वस्तीत कोणी एकदाही हसलं नव्हतं. कोणी पोरीची मार्कशीट घेऊन दारोदार मिरवलं नव्हतं. चौदा एप्रिलच्या कमानीवरून दोन गल्ल्यांत भांडण झालं नव्हतं. कोणी नळावर दुसऱ्याची नक्कल केली नव्हती. सगळे आपले ओळीने बसून लेखकासाठी दुःखी होत होते.

"हा माणूस वस्तीत गेला असेल, तर नाकाला रुमाल लावून गेला असेल," त्या निकिताला म्हणाल्या.

एकशे बाराव्या पानाच्या तळाशी 'वस्तीतील स्त्रिया' असा नवा भाग सुरू झाला. पहिलंच वाक्य होतं, 'येथील स्त्रियांच्या आयुष्यात रंग नव्हते.' बाईंनी ते वाचलं. पाण्याचा घोट घेतला. मग पाच पानं एकदम उलटली आणि एकशे अठरापासून पुढे वाचायला लागल्या.

कादंबरी संपली, ध्वनिमुद्रण रवाना झालं. तीन आठवड्यांनी एका सकाळी सत्यशीलाबाई संस्थेत आल्या, तेव्हा निकिता बँकेत गेलेली होती आणि फोन वाजत होता. बाईंनी उचलला.

"नमस्कार. मी बद्रीनाथ इंगोले, खडकीहून. वस्तीवरच्या कादंबरीबद्दल विचारायचं होतं." आवाज वयस्कर होता, पण ठाम. "शेवटी ती शिलाईवाली सरूबाई कोर्टात पोराला सोडवायला येते. ती कोण?"

"कोण म्हणजे?"

"म्हणजे आधी ती कुठंच नाही. एकदम मशीनवाली सरूबाई आली आणि सगळे तिला ओळखतात, मी सोडून. तीनदा ऐकलं मी. पहिल्यांदा वाटलं, मधेच आपला डोळा लागला."

"लेखकाने आयत्या वेळी आणली असेल," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "हल्ली असंच लिहितात."

"तुम्हीच रणपिसे मॅडम ना? आवाजावरून ओळखलं. एक सांगू? स्त्रियांचा भाग सुरू होतो, तिथे तुमचं पहिलं वाक्य रागात संपतं. मग तुम्ही पाणी पिता. आणि त्यानंतरचं वाक्य एकदम नोटीस वाचल्यासारखं येतं, भलत्याच विषयावर. पान सुटलंय तिथे."

चौतीस वर्षांत बाईंना कोणी असं कात्रीत पकडलं नव्हतं. "तपासून कळवते," एवढंच त्या म्हणाल्या आणि नंबर लिहून घेतला.

कादंबरी घरी नेऊन त्यांनी गाळलेली पानं काढली. पहिली दोन त्यांना वाटलं होतं तशीच होती, रडकी. तिसऱ्या पानावर सरूबाई आली. दारात शिलाई मशीन टाकून बसणारी. पंधरा ऑगस्टच्या आधी वस्तीतली पोरं फाटके गणवेश घेऊन तिच्यापुढे रांग लावत. ती शिवून द्यायची, पण मशीन चालू असेपर्यंत पोराने पाढे म्हणायचे. पाढा चुकला की तिचा पाय थांबायचा. सतरा सत्ते अडला म्हणून एक पोरगा एका बाहीचा शर्ट घालून झेंडावंदनाला गेला, आणि सगळी शाळा हसली, तो स्वतःही.

बाईंनी ते पान दोनदा वाचलं. त्यांच्या गल्लीत मुक्ताई होती. ती पाढे नाही, कविता म्हणायला लावायची. पण पाय थांबवून वर बघायची ती नजर अगदी अशीच.

"काय गं, कसं आहे?" दशरथरावांनी विचारलं.

"चांगलं आहे."

"मग चेहरा असा का?"

"चांगलं आहे म्हणूनच! एवढं नेमकं लिहिता येत होतं, तर मेल्याने आधीची शंभर पानं कशाला नासली? आणि मी..." त्या थांबल्या. न वाचलेल्या कागदावर त्यांनी आयुष्यात कधी शेरा मारला नव्हता. तेवढा एक त्यांचा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खडकीला फोन लावला. "इंगोले साहेब, पाच पानं मी गाळली. चूक माझी आहे."

"काहून गाळली?" इंगोले मूळचे यवतमाळकडचे. पुण्यात पंचेचाळीस वर्षं काढली, तरी रागावले की तिकडचा शब्द यायचाच.

"मला संताप आला होता."

"मग मलाही येऊ द्यायचा होता ना." त्यांचा आवाज चढला. "मॅडम, माझा मुलगा मला पेपर वाचून दाखवतो. मारामाऱ्या गाळतो, बाबांना त्रास नको म्हणून. सून गावाकडचे मेसेज वाचते. त्यातली भांडणं गाळते. डॉक्टर माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलतात, ते पण अर्धं. सगळेच माझ्यावर उपकार करतात. तुम्ही परक्या, म्हणून वाटलं, ही बाई तरी आहे ते वाचेल. पुस्तक वाईट आहे की चांगलं, हे ठरवायला ते मला अख्खं नको का?"

बाईंना मुद्दा कळला होता, पण बोलणं टोचलं. "अहो, मी हौसेने वाचते. सरकारी नोकरी संपली माझी, तिथे मी काही नोकरीला नाही."

"ते दिसतंच आहे. पण काम टाळायची सवय सरकारी नोकरीतलीच दिसते."

बाईंनी फोन ठेवला. आपटला म्हटलं तरी चालेल. दोन दिवस त्या घरात चिडचिड करत फिरल्या. आमटीत मीठ विसरल्या. दशरथरावांनी वरून घेतलं, तर "सांगता येत नाही का?" म्हणून त्यांच्यावरच डाफरल्या. सरकारी नोकरी! यांना कोणी सांगितलं की मी टाळाटाळ केली म्हणून? माझ्या टेबलावर कागद तीन दिवसांच्या वर राहिला नाही कधी. पण तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या कादंबऱ्या टेबलावर मांडल्या, कानाला हेडफोन लावला आणि छापील पान आणि स्वतःचा आवाज जुळवून बघायला बसल्या. तीन आठवडे लागले. बारांपैकी सात पुस्तकांत मिळून एकसष्ट पानं गायब निघाली. काही तर त्यांना आठवतही नव्हती, इतक्या सहज त्यांनी ती उडवली होती.

यादी घेऊन त्या निकितासमोर उभ्या राहिल्या. निकिता वाचत गेली, तसं तिचं तोंड उघडंच राहिलं.

"मॅडम, सिरियसली? दीडशे लोक ऐकतात ही पुस्तकं!"

"आणि एकट्या इंगोल्यांच्या लक्षात आलं. म्हणजे बघ, साठ पानं तशी अनावश्यकच..."

निकिताने नुसतं वर पाहिलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "परत वाचते."

त्यासारखी शिक्षा दुसरी नव्हती. चांगलं सगळं आधीच वाचून झालेलं. आता समोर होता तो वेचून काढलेला कंटाळा, रोज थोडा थोडा, सलग आठ दिवस. सोमवारी घोडा. मंगळवारी आणि बुधवारी हिंजवडीची खिडकी. गुरुवारी शास्त्रज्ञांचं एकमेकांना शिकवणं. बाईंनी एकही शब्द सोडला नाही. मधे मधे त्या थांबायच्या, डोळे मिटायच्या, दीर्घ श्वास घ्यायच्या, आणि निकिता काचेपलीकडून घाबरून बघत राहायची. पण त्यांनी पुस्तक आपटलं नाही.

सगळं पूर्ण झाल्यावर त्यांनी ते पेनड्राइव्हवर घेतलं आणि निकिताला म्हणाल्या, "हे मी स्वतः नेऊन देते."

वनाजहून मेट्रो, मधे एकदा बदलून खडकी, आणि तिथून रिक्षा. इंगोले दारूगोळा कारखान्यात स्टोअरकीपर होते. पन्नाशीत काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. आता त्याच कारखान्यात लागलेल्या मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत. मुलगा ड्यूटीवर, सून शाळेत. दार त्यांनीच उघडलं. उंच, काटकुळे, इस्त्रीचा शर्ट.

"या. चप्पल डावीकडे काढा, नाहीतर मी अडखळेन."

बाईंनी पेनड्राइव्ह हातात दिला. माफी मागायची त्यांनी मेट्रोत तयारी केली होती, पण तोंडातून निघालं ते असं: "सगळं आहे. एकसष्ट पानं. त्यातली पंचावन्न टाकाऊ आहेत."

"ते मी बघतो," इंगोले म्हणाले, आणि बोटांनी चाचपत पेनड्राइव्ह टेबलावरच्या पुस्तकं ऐकायच्या यंत्रात बसवला. "आधी काय आहे?"

"जंगल. नऊ पानं. रहस्यकथेतलं. शेवटी एक घोडाही आहे."

बाईंना वाटलं होतं, थोडं ऐकून थांबवतील. इंगोल्यांनी थांबवलं नाही. बाईंचाच आवाज खोलीत साग, मोह, पळस असं एकेक झाड सांगत होता, कुठल्या सालीवरून बोट फिरवलं की काय लागतं, उन्हाचे कवडसे पाचोळ्यावर कसे पडतात, पहाटे मोहाखाली जमीन कशी दिसते. बाईंना स्वतःचा आवाज ऐकून अवघडल्यासारखं झालं. नऊ पानं म्हणजे बावीस मिनिटं. इंगोले मान खाली घालून, गुडघ्यावर पंजे ठेवून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी यंत्र बंद केलं.

"हे गाळलं होतं तुम्ही?"

"गोष्टीला त्याचा उपयोग नाही," बाई म्हणाल्या. आवाज पूर्वीइतका खणखणीत नव्हता.

"गोष्ट गेली चुलीत. खुनी कोण ते मला तिसऱ्या प्रकरणात कळलं होतं." इंगोले हसले. "आमच्या गावाबाहेर मोह होता. एकवीस वर्षं झाली, झाड म्हणून पाहिलं नाही मी. तुम्हाला रोज दिसतात, म्हणून तुम्हाला कंटाळा आला."

इंगोल्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, आणि मग म्हणाले, "आता ती वस्तीची पानं लावतो."

ती पानं ऐकून मात्र दोघांची जुंपली. बाईंचं म्हणणं, सरूबाईचं एक पान सोनं आहे आणि बाकीचं पुस्तक त्या पानावर अन्याय आहे. इंगोल्यांना पुस्तक आवडलं होतं. ते म्हणाले, कोर्टाचा शेवट त्यांना रडवून गेला, आणि आता सरूबाई कोण ते कळल्यावर तर आणखीच.

"अहो, त्या वस्तीत कोणी हसत नाही! मी अशा वस्तीत वाढले. आम्ही हसून हसून वेडे व्हायचो."

"मी पण वाढलो, यवतमाळात. आम्ही नव्हतो हसत फारसे."

एवढ्या एका वाक्याला सत्यशीलाबाईंकडे शेरा नव्हता.

"पण घोड्याचं पान," इंगोले म्हणाले, "ते राहिलंच की. आत्ता लावतो." लावलं. आयाळ, खूर, फेस. दोन मिनिटांत त्यांनी कपाळाला हात लावला. "बाप्पा! हे भयंकर आहे."

"मी काय सांगत होते?"

"बरोबर सांगत होता. पण हे आता मी म्हणतोय, तुम्ही नाही."

बाई परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी निकितासमोर त्यांनी एक अट ठेवली. पुस्तक अक्षरशः जसं छापलंय तसं वाचणार. पण संपल्यावर, वेगळ्या फाईलमध्ये, त्यांना दहा मिनिटं स्वतःचं मत बोलायचं. ज्याला नको, त्याने ती फाईल उघडू नये. निकिताने आधी नियमावली पुढे केली, मग बाईंचा चेहरा पाहिला आणि हो म्हणाली.

पहिलं मत त्यांनी एका भयकथेवर ध्वनिमुद्रित केलं. 'या कादंबरीतील भूत दरवेळी दिवे जाताच येते. महावितरणकडे तक्रार केली असती, तर कथानक वीस पानांत आटोपले असते.' ती फाईल पुस्तकापेक्षा जास्त लोकांनी ऐकली. हे कळल्यावर सत्यशीलाबाई खूश झाल्या नाहीत. "म्हणजे पुस्तक न ऐकताच माझं मत ऐकतात? हा काय आचरटपणा!" आणि पुढच्या फाईलची सुरुवात त्यांनी ताकीद देऊन केली: आधी पुस्तक ऐका, मग माझ्याकडे या.

बद्रीनाथ इंगोले दोन्ही ऐकत, क्रमाने. आणि दर कादंबरीनंतर, साधारण दुपारी साडेबाराला, बाईंच्या घरचा फोन वाजे.

"मॅडम, यावेळी तुमचं मत साफ चुकलंय."

"कुठे चुकलंय?"

"नायिका नवऱ्याला सोडते, त्याला तुम्ही कारण पटत नाही म्हणालात. सातव्या प्रकरणात कारण आहे."

"कुठलं कारण? ते कारण आहे? त्याने तिच्या आईला नमस्कार केला नाही, हे कारण? थांबा, पुस्तक आणते."

दशरथराव तोवर स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचं ताट वाढून घेत, आमटी चाखून बघत, आणि मीठ असलं तर निमूट जेवायला बसत.